जीर्णोद्धार आणि पुनर्घडण : जुन्या स्पोर्ट्स मोटारींच्या पुनर्बांधणीचा एक शब्दार्थनिष्ठ इतिहास

१

एखाद्या जुन्या वस्तूचे झिजलेले अवयव बदलले, आणि बदलताना ते मूळच्याहून अधिक समर्थ असे बसविले, तर हाती येणारी वस्तू जुनी म्हणावयाची की नवी? हा प्रश्न तत्त्वज्ञांना जुना आहे. ग्रीकांनी तो थीसियसच्या नौकेच्या निमित्ताने विचारला. आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदास त्याच्याच रथाविषयी विचारतो. आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? प्रत्येक वेळी 'नाही' असे उत्तर आल्यावर रथ हे या सर्वांच्या आश्रयाने चालणारे एक नाम होय, असा निर्णय निघतो. हा दृष्टान्त वाहनाचाच असावा, ही गोष्ट प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने सूचक आहे.

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात साखरा नावाचे गाव आहे. तेथे बोलीची सामग्री गोळा करीत असता एका वृद्ध मिस्त्रींनी उघडून ठेवलेली जुनी जीप मला दाखविली. तिच्यात काय काय बदलले, असे विचारता ते म्हणाले, "इंजिन दुसरं, पत्रा नवा, हौदा नवा, गिअरबॉक्स बी दुसऱ्या गाडीचा. सर, जुनं म्हनावं तर पासिंग तेवढं ऱ्हायलं." 'पासिंग' म्हणजे सरकारदप्तरी झालेली नोंदणी, अर्थात वाहनाचे नाम. नागसेनाचा सिद्धान्त मिस्त्रींनी त्याचे नावही न ऐकता सांगितला होता. या एका वाक्याने मला मोटारींच्या इतिहासाकडे वळविले. भाषेच्या अभ्यासकाने यंत्राच्या इतिहासात शिरण्याचे समर्थन एवढेच की, या इतिहासातील मुख्य वाद यंत्राचा जितका आहे, तितकाच तो शब्दाचा आहे.

जुन्या, नामांकित स्पोर्ट्स मोटारी घेऊन त्या पूर्ण खोलावयाच्या, त्यांचे इंजिन, आघातशोषक, गतिरोधक व अंगावरचा पत्रा नव्याने करावयाचा, आणि मूळ कारखान्याने दिली होती त्याहून अधिक शक्ती त्यांना द्यावयाची, हा आज जगात एक स्वतंत्र व्यवसाय आहे. तो करणाऱ्या तज्ज्ञास इंग्रजीत 'ट्यूनर' म्हणतात. या व्यवसायाची वाटचाल आणि तिच्या अनुषंगाने मराठीत उभा राहणारा संज्ञेचा प्रश्न, यांचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रथम आपल्या शब्दांकडे पाहू. मराठीत या क्रियेच्या आसपास चार-पाच शब्द आहेत आणि त्यांची कुळे भिन्न आहेत. 'दुरुस्ती' हा फारसीतून आला. 'दुरुस्त' म्हणजे ठीक, अव्यंग. बिघडलेले पूर्वस्थितीस आणणे एवढाच त्याचा अर्थ असून त्यात सुधारणेची अपेक्षा नाही. 'डागडुजी' त्याहून लहान. फुटक्या भांड्यास डाग द्यावा, गळक्या छपरास ठिगळ लावावे, तेवढीच तिची मजल. 'नूतनीकरण' हा संस्कृत घडणीचा कचेरीतील शब्द. परवान्याचेही नूतनीकरण होते आणि सभागृहाचेही. त्यामुळे त्याची धार बोथट झाली आहे.

खरा वजनदार शब्द 'जीर्णोद्धार' होय. तो मंदिराशी व मूर्तीशी निगडित असून त्याला शास्त्र आहे. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी सांगितलेला आहे. मूर्ती भग्न वा जीर्ण झाली तर ती विधिपूर्वक काढून त्याच प्रमाणाची व त्याच द्रव्याची नवी मूर्ती स्थापावी, असा त्याचा आशय. प्रमाण तेच व द्रव्य तेच, या दोन अटी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. मोटारींच्या जगात आज ज्याला 'ओरिजिनल' म्हणतात, त्याची व्याख्या याहून फारशी वेगळी नाही.

परंतु प्रत्यक्ष इतिहासात जीर्णोद्धार या अटींना नेहमीच धरून राहिला नाही. आमच्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथाचे मंदिर पाहावे. खालचा भाग यादवकालीन, घोटीव दगडाचा, मूर्तिकामाने भरलेला. वरचा शिखराचा भाग उत्तरकालीन आणि उघडउघड निराळ्या घडणीचा. या जीर्णोद्धाराचे श्रेय परंपरा अहिल्याबाई होळकर यांस देते. ज्याने हे काम केले त्याने जुन्या शिल्पींची नक्कल करण्याचा प्रयत्न केला नाही. आपल्या काळाची सामग्री व आपल्या काळाचे कसब त्याने वापरले आणि दोहोंमधला सांधा उघडा ठेवला. भाविकास त्यात विसंगती वाटत नाही, आणि इतिहासकारास तर तो सांधा म्हणजे पुरावाच होय.

कारागिराचा शब्दही पाहिला पाहिजे. 'मिस्त्री', कोकणात व कोल्हापूरकडे 'मेस्त्री', हा पोर्तुगीज 'मेस्त्रे' या शब्दापासून आला. त्याचा मूळ अर्थ उस्ताद, गुरू. सुतार, गवंडी यांच्याकडून हा शब्द मोटार दुरुस्त करणाऱ्याकडे आला, आणि त्याबरोबर वस्तूकडे पाहण्याची दृष्टीही आली असावी. मिस्त्रींच्या बोलीत इंजिन 'खोलतात' आणि पुन्हा 'बांधतात'. घर बांधावे तसे. 'इंजिनाचे काम निघाले' असे ते म्हणतात, जणू काम आत दडलेले होते आणि आता ते बाहेर पडले. इंग्रजी शब्दांना त्यांनी आपल्या उच्चारात बसविले आहे. आरंभीच्या जोडाक्षरापूर्वी स्वर घेऊन 'इस्क्रू', 'इस्टेरिंग' असे म्हणणे, ही जी प्रवृत्ती 'इस्टेशन'मध्ये दिसते तीच येथेही दिसते.

'ट्यूनर' या शब्दाची गोष्ट याहून मनोरंजक आहे. तो संगीतातून आला. इंग्रजीत सूर जुळविण्याची क्रिया यंत्रास लागू झाली, कारण चांगला कारागीर इंजिनाचा दोष प्रथम कानानेच ओळखतो. मराठी संगीतव्यवहारात याला समांतर अशी एक सूक्ष्म संज्ञा आहे, ती म्हणजे 'जवारी काढणे'. मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर घोडीचा पृष्ठभाग अंशाअंशाने घासून तारेचा नाद खुलवितात. तंबोरा तोच, तारा त्याच. परंतु घोडी आणि तार यांच्यातील संबंध बदलल्याने आवाज निराळा येतो. ट्यूनरच्या कामाचे याहून नेमके वर्णन मला आढळलेले नाही. प्रश्न असा की, घासता घासता घोडीच बदलली, मग भोपळा बदलला, मग दांडीही बदलली, तर तो तंबोरा कोणाचा?

३

हा वाद मोटारीच्या इतिहासात प्रथम तीव्रतेने उभा राहिला तो बेंटली मोटारींच्या बाबतीत. डब्ल्यू. ओ. बेंटली यांची साडेचार लिटरची मोटार १९२७ पासून तयार होऊ लागली. ती दणकट होती. परंतु शर्यतीत प्रतिस्पर्धी पुढे जाऊ लागले तेव्हा शक्ती वाढविण्याचे दोन मार्ग होते. एक, इंजिनच मोठे करावयाचे. दुसरा, आहे त्या इंजिनात दाबाने अधिक हवा भरावयाची. दुसऱ्या मार्गासाठी जे यंत्र लागते त्यास 'सुपरचार्जर' म्हणतात. इंजिनाच्याच दांड्यावर फिरणारा हा भाता होय. जितकी अधिक हवा आत जाईल तितके अधिक इंधन जळेल आणि त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती मिळेल, एवढे हे साधे तत्त्व आहे.

बेंटली यांचा कौल पहिल्या मार्गाला होता. भाता बसविणे म्हणजे आपल्या आराखड्याचा विपर्यास करणे, असे त्यांचे मत होते. शर्यतपटू सर हेन्री ऊर्फ टिम बर्किन यांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी वेल्विन येथे स्वतःची कर्मशाळा काढली, ॲमहर्स्ट व्हिलियर्स या अभियंत्याकडून सुपरचार्जर करवून घेतला आणि डोरोथी पॅजेट या धनिक स्त्रीने या उद्योगास द्रव्य पुरविले. मूळ कारखान्याबाहेरच्या तज्ज्ञाने मूळ कर्त्याच्या इच्छेविरुद्ध त्याची मोटार सुधारावी, याचे हे ठळक आद्य उदाहरण होय. साध्या मोटारीची सुमारे ११० अश्वशक्ती भाता बसविल्यावर रस्त्यावरच्या मोटारीत १७५ झाली. शर्यतीच्या मोटारीत ती सुमारे २४० पर्यंत गेली. भाता 'रेडिएटर'च्या पुढे, मोटारीच्या नाकाडावर, उघडा बसविलेला होता. औंढ्याच्या शिखराप्रमाणे हाही सांधा कोणी लपविला नाही.

निकाल काय लागला? १९३० च्या ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत बर्किन यांनी रुडॉल्फ काराचिओला यांच्या मर्सिडीझशी निकराची झुंज दिली. परंतु त्यांची मोटार शेवटापर्यंत टिकली नाही. विजय मिळाला तो बेंटली यांनी आपल्या पसंतीने मोठे केलेल्या साडेसहा लिटरच्या 'स्पीड सिक्स' मोटारीस. त्याच वर्षी पो येथील फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत बर्किन यांनी भात्याच्या मोटारीवर दुसरा क्रमांक मिळविला, आणि १९३२ साली तिच्याच एकआसनी रूपात ब्रुकलँड्स येथे ताशी १३७.९६ मैल, म्हणजे सुमारे २२२ किलोमीटर, असा विक्रम केला. वेग मिळाला, टिकाऊपणा मिळाला नाही. कर्त्याचे भाकीत बव्हंशी खरे ठरले, असेच म्हणावे लागेल.

पण काळाचा न्याय निराळा असतो. साडेचार लिटरच्या ७२० मोटारींपैकी भात्याच्या अवघ्या ५५ होत्या. आज जगाला स्मरतात त्या याच. १९१९ साली स्थापन झालेली बेंटली संस्था १९३१ मध्ये आर्थिक अडचणीत येऊन रोल्स-रॉइसकडे गेली. आणि २०१९ साली, स्थापनेस शंभर वर्षे झाली त्या वर्षी, आज बेंटली हे नाव चालविणाऱ्या कारखान्याने आपली शताब्दी साजरी करताना बर्किन यांच्याच मोटारींपैकी एक पूर्ण खोलून, तिचे प्रत्येक अंग मोजून, तशा बारा नव्या मोटारी करण्याचे घोषित केले. जिला कर्त्याने विपर्यास म्हटले, तीच नव्वद वर्षांनी 'मूळ' ठरली. 'मूळ' हा शब्द काळानुसार सरकतो, हे येथे स्पष्ट होते. भाषाशास्त्रात आपण हे रोज पाहतो. अपभ्रंश म्हणून हिणविलेली रूपेच पुढे प्रमाणभाषा होतात.

४

याच सुमारास मराठी राजघराण्यातील एका मोटारीने या प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणली. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे (१९०८–१९६१) हे आधुनिक कलेचे जाणते आश्रयदाते होते. एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुविशारदाकडून त्यांनी बांधून घेतलेला माणिकबाग राजवाडा प्रसिद्धच आहे. त्यांच्या संग्रहात अमेरिकन ड्यूझेनबर्ग कंपनीची 'एस-जे' ही मोटार होती. या कंपनीची 'जे' मोटार १९२८ साली लोकांपुढे आली. ६.९ लिटरचे, एका ओळीत आठ नळकांडी असलेले तिचे इंजिन २६५ अश्वशक्तीचे असल्याचे कंपनी सांगे. १९३२ मध्ये सुपरचार्जर लावून ती संख्या ३२० झाली आणि नावात 'एस' हे अक्षर आले. एक अक्षर म्हणजे पंचावन्न अश्वशक्ती; नामकरण आणि यंत्र यांचा इतका सरळ हिशेब क्वचितच आढळतो.

ड्यूझेनबर्ग कंपनी ग्राहकास केवळ सांगाडा व इंजिन विके. अंगावरचा साज ग्राहकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करवून घ्यावयाचा असे. होळकरांच्या मोटारीचा साज लंडनच्या गर्नी नटिंग या घराण्याने केला. लांबलचक नाकाड, मागे निमुळते होत गेलेले शेपूट आणि नारिंगी व काळा असा रंगमेळ हे त्याचे विशेष. अशा मोटारीस 'मूळ' कोणते? अमेरिकेतील सांगाडा की इंग्लंडमधील साज? ती जन्मतःच दोन घरची आहे. शिवाय एस-जे मोटारीच्या झाकणातून बाहेर येणाऱ्या चकचकीत धूरनळ्या इतक्या लोकप्रिय झाल्या की, ज्यांच्या मोटारींत भाता नव्हता त्यांनीही त्या बसवून घेतल्या. पुढे अनेक साध्या 'जे' मोटारींत भातेही बसविले गेले. शुद्ध मूळरूपाची कल्पना अशा वेळी फार पातळ होते. ज्या घराण्याच्या नावाशी औंढ्याचा जीर्णोद्धार जोडला जातो, त्याच घराण्याच्या मोटारीने हा प्रश्न विचारावा, हा योगायोग असला तरी बोधप्रद आहे.

५

युद्धोत्तर काळात या कलेला व्यवसायाचे रूप आले, आणि तिचा मुख्य आधार झाली पोर्शे कंपनीची '९११' ही मोटार. १९६३ साली फ्रँकफुर्ट येथे ती प्रथम दाखविली गेली. तिचे इंजिन मागे, आणि १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ते हवेने थंड होणारे. बाह्याकृती फारशी न बदलता ती वर्षानुवर्षे सुधारत गेली, त्यामुळे एका वर्षाच्या मोटारीचे अवयव दुसऱ्या वर्षाच्या मोटारीत बसविणे सुकर झाले. भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे तर हिची रूपावली नियमित आहे.

तिच्या पुनर्घडणीचे दोन संप्रदाय दिसतात. पहिला जर्मनीतील फाफेनहाउझेन या गावच्या रूफ घराण्याचा. आलोइस रूफ यांच्या कर्मशाळेस १९८१ साली तेथील शासनाने स्वतंत्र मोटारनिर्माता म्हणून मान्यता दिली. १९८७ साली त्यांनी 'सी-टी-आर' ही मोटार केली. पोर्शेच्या कोऱ्या सांगाड्यावर, ३.४ लिटरच्या इंजिनास दोन 'टर्बो' लावून, तिला ४६९ अश्वशक्ती दिली. १९८८ साली इटलीतील नार्दो येथे तिने ताशी ३४२ किलोमीटर वेग गाठला. पिवळ्या रंगामुळे तिला 'यलोबर्ड' हे टोपणनाव पडले. महत्त्वाची गोष्ट अशी की, या मोटारीच्या सांगाड्यावर पोर्शेचा क्रमांक नसून रूफचा आहे. म्हणजे नाम बदलले, म्हणून वस्तू नवी ठरली. नागसेनाने यास संमतीच दिली असती.

दुसरा संप्रदाय कॅलिफोर्नियातील 'सिंगर' या संस्थेचा. रॉब डिकिन्सन यांनी ती २००९ साली स्थापन केली. ते पूर्वी लोटस कंपनीत आराखडाकार होते, नंतर एका रॉक वाद्यवृंदाचे गायक झाले. संस्थेच्या नावात त्यांच्या गायकीचा श्लेष आहे, तसाच पोर्शेचे अभियंते नॉर्बर्ट सिंगर यांच्या नावाचाही. ही संस्था नवी मोटार करीत नाही. १९८९ ते १९९४ या काळातील '९६४' प्रकारची ९११ मोटार मालक आणून देतो. ती नुसत्या पोलादी सांगाड्यापर्यंत उघडली जाते. बाह्य पत्र्याच्या जागी बहुतांशी कार्बन तंतूंचे अवयव येतात. इंजिन नव्याने बांधले जाते आणि मूळच्या ३.६ लिटरवरून ते काही मोटारींत चार लिटरपर्यंत मोठे होते. विल्यम्स या शर्यतसंस्थेच्या साहाय्याने केलेल्या एका मालिकेत मूळच्या सुमारे २५० अश्वशक्तीच्या जागी ५०० अश्वशक्ती आली. इतके होऊनही सांगाड्याचा क्रमांक जुनाच राहतो. साखऱ्याच्या जीपप्रमाणे येथेही 'पासिंग तेवढं ऱ्हायलं'.

आता शब्द पाहा. सिंगर आपल्या कामास 'दुरुस्ती' म्हणत नाही, 'जीर्णोद्धार' या अर्थाचा इंग्रजी शब्दही पुरेसा मानत नाही. 'पुन्हा कल्पिलेली' या अर्थाचे 'रीइमॅजिन्ड' हे विशेषण ती वापरते, आणि ही मोटार पोर्शेने केलेली नव्हे हेही स्पष्ट सांगते. यामागे व्यापारचिन्हाच्या कायद्याचा धाक आहे, केवळ काव्य नाही. इंग्रजीत या साऱ्या प्रकारास 'रेस्टोमॉड' असा जोडशब्द रूढ झाला आहे. 'रेस्टोरेशन' आणि 'मॉडिफिकेशन' यांची शेपटे छाटून तो केला. दोन मोटारींचे अर्धे सांगाडे जोडावेत तसे दोन शब्दांचे अर्धे जोडले आहेत. वस्तूची घडण शब्दाच्या घडणीत उतरली आहे.

६

आपल्या प्रदेशात ही कला हौसेपोटी आली नाही, गरजेपोटी आली. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली. स्वातंत्र्योत्तर धोरणात केवळ सुटे भाग आणून जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना वाव राहिला नाही, आणि १९५४ च्या सुमारास तो कारखाना बंद झाला. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० तयार होऊ लागली. हीच पुढे 'पद्मिनी' झाली आणि मुंबईच्या टॅक्सीचे रूप घेऊन दोन-तीन पिढ्यांच्या स्मरणात राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील तिची शेवटची नोंदणीकृत टॅक्सी रस्त्यावरून गेली. जुहूच्या विमानपट्टीवर एके काळी मोटारींच्या शर्यती होत, तेव्हा याच घरगुती मोटारीचे इंजिन घासूनपुसून, जवारी काढून, तिला शर्यतीत उतरवीत. स्पोर्ट्स मोटार विकत मिळत नव्हती, म्हणून ती घडवावी लागे.

आयातीवर निर्बंध असल्याने जुन्या अमेरिकन मोटारींचे सुटे भाग मिळत नसत. मिस्त्री ते 'लेथ'वर करून घेत किंवा दुसऱ्या मोटारीचे बसवीत. पेट्रोल परवडेना तेव्हा शेवरले, डॉज अशा मोटारींत डिझेल इंजिने बसली. मराठवाड्यात माणसे वाहून नेणाऱ्या जीपगाड्यांचीही हीच कथा आहे. आज कॅलिफोर्नियात ज्या कामास लक्षावधी डॉलर पडतात, त्याचे तत्त्व आमच्या मिस्त्रींनी पोटासाठी आधीच अवलंबिले होते. फरक इतकाच की, तेथे प्रत्येक पायरीचे छायाचित्र व टिपण राहते. येथे काहीच राहिले नाही. हौसेच्या बाजूने पाहता अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्स या लहान कारखान्याचा उल्लेख केला पाहिजे. कॉलिन चॅपमन यांच्या १९५७ च्या 'लोटस सेव्हन' या आराखड्याच्या धर्तीवर त्यांनी तंतुकाचेची दोनआसनी मोटार केली आणि तिच्यात इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन बसविले. हेच इंजिन ॲम्बॅसॅडर मोटारीतही असे. इंग्लंडचा आराखडा, जपानचे इंजिन आणि कोकणचा कारागीर असा हा त्रिवेणी संगम होय.

७

येथपर्यंतचा विचार केवळ इतिहासाचा होता. आता व्यवहाराचा प्रश्न येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मूळात जे तपशील दिले त्यांच्याशी विसंगत होईल असा फेरफार वाहनमालकास करता येत नाही. त्याच जातीचे, त्याच घराण्याचे इंजिन बदलणे किंवा मान्य इंधनसंच बसविणे यांस मर्यादित मोकळीक आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कठोरपणे लावून निर्मात्याचा मूळ तपशील हीच कसोटी ठरविली. पुढे जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने जुन्या मोटारींसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले आणि सांगाडा, साज अथवा इंजिन यांत भरीव फेरफार न झालेले वाहन 'व्हिन्टेज' समजावे, असे त्यात आहे. नवीन नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क असून ती दहा वर्षांपुरती असते. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. आणि प्रदर्शन, सहल, इंधन भरणे, देखभाल अशा प्रसंगांपुरतेच ते वाहन रस्त्यावर आणता येते.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१० नंतरच्या दशकारंभी 'तुरीनची सनद' स्वीकारली. स्मारकांविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर ती आहे आणि तिच्यात जतन, जीर्णोद्धार इत्यादी पायऱ्यांत विवेक केला आहे. आपल्या नियमांत असा पायऱ्यांचा विचार नाही. तेथे दोनच खाने आहेत : मूळ आणि फेरफार केलेले. 'मूळ' म्हणजे कारखान्याच्या दारातून निघालेल्या दिवसाचे रूप की वाहनाच्या आयुष्यात त्यास लाभलेले रूप, याचा निर्णय शब्दाने होत नाही. सुरक्षिततेसाठी कायद्याचा आग्रह योग्यच आहे. अननुभवी हाताने वाढविलेली शक्ती आणि जुनेच गतिरोधक यांचा मेळ बसत नाही, याचे अपघात साक्षी आहेत. परंतु साठ वर्षांपूर्वी डिझेल इंजिन बसविलेली शेवरले या व्याख्येत कोठेच बसत नाही. ती व्हिन्टेज नव्हे, कारण तिच्यात फेरफार आहे. आणि तो फेरफार तर आपल्या आयातधोरणाचा व आपल्या मिस्त्रींच्या कसबाचा जिवंत दस्तऐवज आहे. तिला मूळ इंजिन परदेशातून आणून बसविले तर ती नियमात बसेल, पण तिचा भारतीय इतिहास पुसला जाईल. उलट, तो इतिहास राखला तर ती भंगारात जाईल. औंढ्याचे शिखर उतरवून यादवांचे शिखर नव्याने बांधावे, असे आज कोणी म्हणणार नाही.

८

या विवेचनावरून तीन क्रिया वेगळ्या कराव्यात आणि त्यांना तीन संज्ञा द्याव्यात, असे मला वाटते. आहे ते आहे तसे टिकविणे यास 'जतन' म्हणावे. त्याच प्रमाणाने व त्याच द्रव्याने पूर्वरूपास आणणे यास 'जीर्णोद्धार' म्हणावे. शास्त्राने त्यास तोच अर्थ दिला आहे. आणि जुन्या सांगाड्यावर नव्या काळाच्या सामग्रीने अधिक समर्थ वस्तू उभी करणे यास 'पुनर्घडण' म्हणावे. 'घडणे' हे क्रियापद मराठीत आपोआप होणे आणि हाताने करणे, या दोन्ही अर्थांनी चालते. सोनार दागिना घडतो आणि एखादी गोष्ट आपोआपही घडते. पुनर्घडणीत काळाचा वाटा आहे आणि कारागिराचाही, म्हणून हा शब्द मला यथार्थ वाटतो. 'पुनर्निर्मिती' म्हटल्यास जुने सर्व गेले असा भास होतो. 'सुधारणा' म्हटल्यास जुने सदोष होते असा आरोप होतो.

संज्ञा ठरविणे हे पुढील कामाचे साधन आहे. मोटारींची संगणकीय इंजिने आली, विजेच्या मोटारी आल्या. कानाने इंजिनाचा सूर ओळखणारी मिस्त्रींची पिढी मावळत आहे. तिची बोली, म्हणजे 'काम निघणे', 'इंजिन बांधणे', 'पासिंग' यांसारखी शेकडो शब्दरूपे, ही केवळ शब्दसंग्रहाची सामग्री नाही. काय बदलले आणि काय राखले याची स्मृती त्यांच्याबरोबरच जाईल. प्रत्येक जिल्ह्यातील मराठी विभागाने आपापल्या परिसरातील कर्मशाळांची शब्दावली व त्यांनी केलेल्या बदलांची नोंद घेण्याचे काम हाती घ्यावे, अशी सूचना येथे करावीशी वाटते. साखऱ्याच्या त्या जीपवर काय काय बदलले याची यादी मी मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे, त्यांच्याच शब्दांत, उतरवून घेतली आहे. ती दोन पानांची आहे. पासिंगखेरीज त्या जीपचे आणखीही काही राहिले, असे आता म्हणता येईल.